धारेवर

गवताचं पातं जमिनीपर्यंत वाकत होतं, पुन्हा उठत होतं, आणि त्याच्या टोकाशी एक मुंगी आपली चिकटून... आणि हे सगळं एका बाईच्या नाकापासून जेमतेम बोटभर अंतरावर. पालथं पडल्यावर माणसाला काय काय दिसतं! डोंगराच्या अरुंद धारेवर, दोन्ही मुठींत गवत धरून ती पडली होती, आणि वारा तिच्या पाठीवरून खुशाल चालला होता—जणू ती तिथे नव्हतीच.

आणि ती कोण? गोदीतली घार. हे नाव तिला कामगारांनी दिलेलं. सगळ्यांत उंच क्रेनच्या केबिनमध्ये तिचं तारुण्य गेलं. जहाजातला अवजड कंटेनर उचलून ट्रकवर असा ठेवायची, की ड्रायव्हरच्या कपातला चहा हलू नये. वारा चढला की वायरलेसवर तीच म्हणायची, 'काम बंद'—आणि अख्खा धक्का थांबायचा. तिच्या शब्दावर! म्हणून तर परवा साहेब म्हणाले, "आता खाली या, नव्यांना शिकवा," तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली? मी? उद्या उत्तर द्यायचं होतं.

"डोंगरावर जाऊन येऊ, डोकं थंड होईल," धाकटी म्हणाली. धाकटी बहीण शाळेत गाणं शिकवते, जिना चढली तरी धापा टाकते. "तू माझ्या मागून ये. उंचीचं मला काय सांगतेस?" असं म्हणत घार झपाझप पुढे... आणि इथे, जिथे ना काच, ना कठडा, ना थांबवायला एखादी कळ, वाऱ्याने एका फटक्यात तिला लोळवलं.

"ताई! आहेस ना गं?" मागून धाकटीचा आवाज. तीही पालथीच पडली असावी.

"आहे!"

"मला भीती वाटतेय!"

मलाही—शब्द ओठांपर्यंत आला आणि अडला. केबिनमध्ये पहिल्या दिवशी चढले तेव्हाही नव्हता म्हटला. बाबा गेले, सगळं घर माझ्याकडे बघत होतं, तेव्हाही नाही...

"मलाही!" ती ओरडली.

मग धाकटी हसायला लागली, "तुला? अगंबाई!" आणि तोंडात माती जात असतानाही घार हसली, पोट जमिनीवर आपटेपर्यंत हसली. छाती डोंगराला टेकलेली, त्यामुळे स्वतःचे ठोके ऐकू येत होते, हळूहळू सावकाश होत जाणारे. इथे काही तोलायचं नव्हतं, कुणाला थांबवायचं नव्हतं. किती दिवसांनी...

वारा जरा ओसरला तशा दोघी उतरल्या, बसत, घसरत, एकमेकींचा हात न सोडता. पायथ्याशी धाकटीने तिच्या पाठीवरची माती झटकली. "उद्या काय सांगणार?"

"बघू."

खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. कोपरं खरचटलेली, कपड्यांना माती, तरी ती चालत होती मात्र ऐटीत. कुणी फार थोर माणूस आपल्याकडे ढुंकूनही न बघता शेजारून निघून जावा, आणि आपण मात्र घरभर मिरवावं—मी पाहिलं त्यांना, अगदी जवळून!—तसं काहीसं तिला त्या वाऱ्याबद्दल वाटत होतं...