मोटरसायकलची मयत

वारंगा फाट्यावर मोटरसायकलची अंत्ययात्रा काढायचं ठरलं, तेव्हा मोटरसायकल द्यायला कुणी तयार होईना.

पेट्रोल पुन्हा महागलं होतं. लोक चिडलेले होते आणि सोमेश्वरभाऊंचा पक्ष तेव्हा विरोधात होता. भाऊंनी डोंगरकडा गावात बैठक घेतली. तिरडीचे बांबू आले, हार आले, मडकं आलं, पेपरचा फोटोवाला सांगून ठेवला. पण जिची मयत काढायची ती गाडी कुणाची? भाऊंच्या स्वतःच्या दारात दोन उभ्या होत्या, पण त्यांचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मागं उभा असलेला धम्मदीप म्हणाला, "माझी घ्या."

धम्मदीप तेव्हा पंचविशीच्या आतला होता. बाप वारलेला, घरात तो आणि माय. लोकांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा आणि सरकारी चालकाची भरती निघायची वाट बघायचा. आवाज खणखणीत होता, म्हणून भाऊंच्या प्रत्येक मोर्च्यात घोषणा द्यायला त्यालाच पुढं काढत. मायला, पद्माबाईला, हे पटलं नव्हतं.

"चालत्या गाडीची काहून मयत काढून राहिले रे?" ती म्हणाली. "ज्याला काढायची त्यानं सोताची न्यावं."

"माय, एका दिवसाचं काम हाय. संध्याकाळी गाडी घरी."

आठ-दहा जणांनी मोटरसायकल खांद्यावर घेतली. पुढं सोमेश्वरभाऊ मडकं धरून, मागं धम्मदीपचा आवाज. फाट्यावर नांदेडकडची, हिंगोलीकडची वाहनं लांबपर्यंत थांबली. थांबलेले लोकसुद्धा खाली उतरून घोषणा द्यायला लागले. एक म्हातारा धम्मदीपच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बराबर बोललास, लेका." त्या दिवशी त्याला वाटलं, आपल्या ओरडण्यानं काहीतरी हलतंय.

मग कुठून तरी एका ट्रकच्या काचेवर दगड आला आणि पोलिसांनी लाठ्या उगारल्या. सगळे पळाले. भाऊ एका जीपमध्ये बसून निघून गेले. धम्मदीप पळाला नाही, कारण त्याची गाडी रस्त्यात तिरडीला बांधलेली पडली होती. गाठी सोडता सोडता त्याला मानगुटीला धरून उचललं.

गाडी जप्त झाली. गुन्हा दाखल झाला: रस्ता अडवणं, दगडफेक, सरकारी कामात अडथळा. दुसऱ्या दिवशी भाऊ ठाण्यात आले, सगळ्यांना चहा पाजला, जामीन करून दिला.

"धम्मा, घाबरू नको," ते म्हणाले. "आपलं सरकार येऊ दे. पहिल्या दिवशी केस काढतो."

चार्जशीट आली तेव्हा भाऊंचं नाव तिच्यात नव्हतं. आणखी तिघा-चौघांचं नव्हतं. ज्यांच्यासाठी कुणी फोन केला नाही ते राहिले. धम्मदीप पहिल्या नंबरला होता.

सरकार आलं. भाऊंच्या गळ्यात हार पडले. मधे एक काळ असा आला की जगात तेल स्वस्त झालं म्हणून टीव्हीवाले सांगत होते, आणि इथं पंपावर फरक पडत नव्हता. जेवढं तिकडं उतरायचं तेवढा इकडं कर चढायचा. लोक पारावर हेच बोलायचे. कुणीतरी भाऊंना विचारलंच, तर ते हसून म्हणाले, "रस्ते काय फुकटात होतात का? देशासाठी थोडं सोसावं लागतं." मयतीचं मडकं धरलेला त्यांचा फोटो त्यांच्या बैठकीतून कधी निघाला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

केसच्या तारखा चालू राहिल्या. कधी साक्षीदार यायचा नाही, कधी साहेब रजेवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात. धम्मदीप सकाळी निघायचा, दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा राहायचा, पुढची तारीख घेऊन परत यायचा. दरम्यान त्याचं दीक्षाशी लग्न झालं, मुलगी झाली. आणि एकदा भरतीत त्याचं नाव लागलं.

ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली, डोळ्यांची तपासणी झाली. दीक्षानं गल्लीत पेढे वाटले. मग चारित्र्य पडताळणी आली आणि तिथं अडलं. गुन्हा प्रलंबित. तो ऑफिसात हात जोडून म्हणाला, "साहेब, पेट्रोलच्या भावाचं आंदोलन होतं. मी कुणाला मारलं न्हाई." समोरचा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "मला कळतंय. पण कागदावर दगडफेक लिहिलंय."

तो सरळ भाऊंकडं गेला. भाऊंनी वारंगा फाट्याजवळ तोवर स्वतःचा पंप टाकला होता. पंपाच्या केबिनमध्ये एसी होता.

"केसचं बघतो मी," भाऊ म्हणाले. "वर बोलावं लागंल. तोवर असा रिकामा काहून फिरतो? आपल्या पंपावर ये."

असा धम्मदीप पेट्रोल भरायला लागला.

"झिरो बघा, दादा," म्हणायचं आणि नोझल लावायचं. भाव वाढला की लोक त्यालाच बोलायचे. "लुटा लेकहो, लुटा." "तुमचं पोट भरंना का अजून?" एक जण नोटा हातात न देता खाली फेकायचा. धम्मदीप वाकून उचलायचा. सुरुवातीला तो सांगायचा की भाव वरून ठरतो, अर्ध्याच्या आसपास तर करच असतो, आमच्या हातात काय. मग त्यानं सांगणं सोडलं. ज्याला राग काढायचा असतो त्याला समोर माणूस लागतो, आणि वर बसलेला काही पेट्रोल भरायला उभा नसतो.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हा काही दिवस आरडाओरड झाली आणि लोकांना सवय झाली. यंदा मात्र पुन्हा दर वाढला आणि दुसऱ्या पक्षाच्या संतराम नावाच्या पुढाऱ्यानं मोर्चा काढला. तो निघाला थेट भाऊंच्या पंपावर. भाऊंनी धम्मदीपला बोलावलं.

"तू पुढं उभा राह्य. पोरं तुला मानतात."

मोर्चा आला. पोरांच्या खांद्यावर तिरडी होती आणि तिरडीवर मोटरसायकल, टाकीला झेंडूचा हार. धम्मदीप बघत राहिला. घोषणा देणाराही तसाच होता, ताज्या आवाजाचा. तो नर्मदाबाईचा पोरगा रुद्र होता, धम्मदीपच्याच गावचा, डोंगरकड्याचा. गाडी त्याचीच होती.

धम्मदीप गर्दीत घुसला आणि त्याचा दंड धरला. "रुद्रा, ऐक माझं. गाडी सोड अन् घरी घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"काहून? तुमच्या मालकाला त्रास होऊन राहिला का?"

"मालकाचं सोड. तुझ्यासाठी सांगून राहिलो."

रुद्रनं हात झटकला. "हे बघा रे, भाऊचा माणूस आला समजूत काढायला!" सगळे हसले. कुणीतरी धम्मदीपच्या पंपाच्या शर्टाला मागून हिसका दिला. संतराम माइकवर बोलला, आमचं सरकार येऊ द्या म्हणाला, जिल्ह्याला मीटिंग आहे म्हणून गाडीत बसून गेला. नंतर ढकलाढकली झाली. पंपाचा एक फलक पडून फुटला. पोलिसांनी चौघांना नेलं, त्यात रुद्र होता.

दुपारी भाऊंनी धम्मदीपला केबिनमध्ये बसवलं. स्वतः पाणी दिलं.

"तू समोर होतास. तुझी साक्ष लागंल. पोरांनी दगड मारले, मशीन फोडायला बघितलं, एवढं सांग. अन् तुझी ती जुनी केस... मी बोललो हाय वर. या महिन्यात निकालात काढू. मंग तुला मोकळं रान."

धम्मदीप पाणी पिऊन उठला. घरी आल्यावर त्यानं दीक्षाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"करा सही," ती म्हणाली.

"त्यानं दगड मारला न्हाई, दीक्षा."

"तुमी मारला होता का? मंग तुमच्यासाठी कोण उभं राह्यलं? ज्या म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली तो आला का कोर्टात? माझ्या लेकरानं शाळेत काय सांगावं, बाप तारखेला गेला?" तव्यावर भाकरी टाकून ती म्हणाली, "एकदा तरी आपलं बघा."

पद्माबाई दारात बसून होती. तिनं सगळं ऐकलं.

सकाळी तो ठाण्यात गेला तो सही करायलाच. हे त्यानं पुढं स्वतःशी कधी नाकारलं नाही. ठाण्याच्या पायरीवर नर्मदाबाई डबा घेऊन बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. आत कोपऱ्यात रुद्र जमिनीवर बसला होता. गुडघे जवळ घेतलेले. कालचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

जमादारानं जबाब आधीच लिहून ठेवला होता. तो वाचायला लागला. "सदर इसमांनी बेकायदेशीर जमाव जमवून, दगडफेक करून..." तीच वाक्यं. शब्दही इकडचे तिकडे नव्हते. धम्मदीपला ती पाठ होती. वर्षानुवर्षं वकिलाच्या फायलीत त्यानं ती वाचली होती, तिथं फक्त आरोपीच्या जागी त्याचं नाव होतं.

"कर सही," जमादार म्हणाला.

"साहेब, मी दगड बघितला न्हाई."

"काय?"

"फलक ढकलाढकलीत पडला. दगड मी बघितला न्हाई. तेवढं काढा, बाकीच्यावर करतो सही."

"तेवढंच तर कामाचं हाय," जमादार वैतागून म्हणाला आणि त्यानं फोन लावला. फोनवर भाऊ होते. जमादारानं पुढं केलेला फोन धम्मदीपनं कानाला लावला. भाऊ ओरडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

संध्याकाळपर्यंत पंपावरच्याच दुसऱ्या एका माणसानं सही केली. त्यालाही घरदार होतं. धम्मदीपनं सही केली नाही म्हणून रुद्रचं काही वाचलं नाही. आणि गावात एवढंच पसरलं की पंपावरच्या माणसानं साक्ष दिली. पंपावरचा माणूस म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं धम्मदीपच आला. नर्मदाबाईनं भर रस्त्यात त्याला ऐकवलं, "माझ्या लेकराला अडकवून तुला काय भेटलं रे?" तो म्हणाला, "मावशी, मी न्हाई केली सही." ती म्हणाली, "समदे असंच म्हणतात."

घरी दीक्षा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिनं एकदाच विचारलं, "मंग मिळालं का समाधान?" खरोखरच ते मिळालं नव्हतं. आता तो केळीच्या ट्रकांवर मिळेल तेव्हा बदली ड्रायव्हर म्हणून जात होता, पुन्हा पहिल्यासारखा. फक्त आता गुडघे दुखायचे.

काही महिन्यांनी तो तारखेला गेला तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात रुद्र उभा होता. त्याची पहिलीच तारीख. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू आज निकाल लागून संध्याकाळी मोकळं होणार. धम्मदीपला बघून तो दुसऱ्या खांबाकडं सरकला. साक्ष द्यायला आला, असंच त्याला वाटलं असणार.

थोड्या वेळानं शिपायानं पुकारा केला. आरोपी धम्मदीप हाजिर आहे का? धम्मदीप आत गेला, उभा राहिला, पुढची तारीख घेऊन बाहेर आला. रुद्र त्याच्याकडं टक लावून बघत होता. त्यालाही पुढची तारीख मिळाली आणि दोघं एकाच काळ्या-पिवळ्या जीपमध्ये येऊन बसले, कारण परतीला दुसरं काही नव्हतं.

रुद्र आधी तारखेच्या कागदाची घडी करत बसला. मग म्हणाला, "दादा, तुमच्यावर कशाची केस हाय?"

"पेट्रोलच्या भावाची. फाट्यावर मयत काढली होती गाडीची."

"कवा?"

"तू शाळेत जात असशील तवा."

रुद्रला आधी ती चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "अन् अजून चालूच हाय?"

"व्हय."

"तवा काय भाव होता पेट्रोलचा?"

"ऐंशीच्या आत."

"ऐंशी?" रुद्र एकदम हसला. "ऐंशीसाठी कुणी मोर्चा काढतं का, दादा?" हसता हसता त्याचं त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण तो मधेच थांबला आणि खाली बघायला लागला.

"सही मी केली न्हाई," धम्मदीप म्हणाला.

रुद्रनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते त्या हलवण्यातून समजलं नाही.

जीप भरली. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "आजपासून दहा रुपये जास्त पडतील बरं का. डिझेल परवडून नाही राहिलं." झालं, सगळी जीप त्याच्यावर तुटून पडली. बाया ओरडल्या, एक म्हातारा काठी आपटायला लागला. "लुटता का गरिबाला?" आणि सगळ्यांच्या वर रुद्रचा आवाज चढला, मोर्च्यात होता तसाच खणखणीत.  ड्रायव्हर गियर टाकून समोर बघत राहिला. त्याची मान लाल झाली होती.

धम्मदीपनं खिशातून पैसे काढले, दहा रुपये जास्तीचे धरून ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढं केले. ते बघून शेजारची बाई त्याच्यावरच खेकसली, "तुमच्यासारख्या लोकांमुळंच भाव चढून राहिले!"

 जीप फाट्याकडं निघाली.