मालोजीच्या गुडघ्यातली तार

खालापूर तालुक्यात मालोजी हाडवैद्याला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, आणि ही गोष्ट मालोजीला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. दर ऐतवारी त्याचं अंगण माणसांनी भरायचं. कुणाचा हात मोडलेला, कुणाचा घोटा निखळलेला. तो बोटांनी चाचपायचा, पाल्याचा लेप लावायचा आणि बांबूच्या कांब्या बांधून पंचेचाळीस दिवस न हलण्याची ताकीद द्यायचा. बरा झालेला माणूस आपल्या कांब्या अंगणातल्या उंबराला बांधून जायचा. उंबराला फळं कमी आणि कांब्याच जास्त होत्या. आल्यागेल्याला मालोजी ते झाड दाखवायचा आणि वर म्हणायचा, "हास्पिटलात गेला तो अर्धा होऊन आला. लोखंड कुठं हाडाला धरतं का रं?"

असा हा मालोजी एक्क्याऐंशी सालच्या चैत्रात कर्जत स्टेशनाच्या पुलाच्या पायऱ्यांवरून घसरला आणि उजव्या गुडघ्यावर आपटला. उठायला गेला तर पाय उचलेना. चाचपून पाहिलं तर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध बोट आत गेलं. वाटीचे दोन तुकडे झाले होते. एवढी वर्षं दुसऱ्यांची हाडं हाताळणारा माणूस, पण स्वतःचं हाड मोडल्यावर त्याची पाचावर धारण बसली. बरोबर जावई होता, कमळाकर, रसायनीच्या कारखान्यात कामाला असलेला. त्याने सासऱ्याला काही न विचारता टॅक्सीत घातलं आणि मुंबईच्या एका इस्पितळात नेलं. खरं सांगायचं तर मालोजीने नको म्हटलंच नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरने कागदावर चित्र काढून त्याला समजावलं. "आजोबा, मांडीचा मोठा स्नायू या वाटीला धरून असतो. वाटी फुटली की तो वरचा तुकडा वर ओढून नेतो. बाहेरून कितीही आवळून बांधा, तुकडे भेटत नाहीत. आम्ही गुडघा उघडून तुकडे जुळवणार, दोन सळ्या घालणार आणि त्यांच्यावरून आठच्या आकड्यासारखी तार आवळणार. मग गुडघा वाकला की तुकडे एकमेकांवर दाबले जातात. म्हणून तुम्हाला पडून राहू देणार नाही."

खरंच राहू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी पाय ताठ उचलायला लावला, पुढच्या आठवड्यात हळूहळू वाकवायला. मालोजी कण्हत होता, पण कण्हण्याचं कारण नुसता गुडघा नव्हता. आजवर बांधलेले सगळे गुडघे त्याच्या डोळ्यांपुढे येत होते. काठीसारखे ताठ झालेले, चालताना बाजूला फेकावे लागणारे पाय. माणूस चालतोय ना, मग बरा झाला, असं तो म्हणायचा आणि लोकही म्हणायचे. त्याला लाज वाटली. पण ती त्याने पोटातच ठेवली, हे वाईट झालं.

जेठात तो घरी आला तो काठीशिवाय चालत. "लेकीकडं मोहोपाड्याला पडून होतो, मीच माझा लेप लावला," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. बायकोला, पारूबाईला, दटावलं, "तोंडातून शब्द काढशील तर बघ." एवढ्यावरही भागलं नाही. त्याने नव्या कांब्या तासल्या, मातीत घोळवून जुन्या केल्या आणि चार माणसांदेखत उंबराला बांधल्या. पारूबाई चुलीपुढून म्हणाली, "देव बघतोय." मालोजी म्हणाला, "बघू दे, बोलत तर नाय ना."

आखाडात, भाताची लावणी ऐन भरात असताना, बौद्धवाडीच्या भीमाबाईला तिच्या भावाने पाठीवर घालून आणलं. बांधावरून पाय सटकून ती दगडावर पडली होती. भीमाबाई विधवा, लावणीला तिच्याइतका चपळ हात गावात दुसरा नव्हता. दोन पोरींचं घर तिच्याच पायांवर उभं होतं. मालोजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोट आत गेलं. अगदी तसंच.

"पाय ताठ उचल बाय."

"उचलत नाय बुवा."

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. भीमाबाईने उंबराकडे बोट केलं. "मला दुसरं काय नको. तुमी तुमचा गुडघा केलात ना, तसाच माझा करा. मला हास्पिटलात जायाचं नाय."

आता बोलावं असं मालोजीला वाटलं. तोंड उघडलंही. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याची त्याला तीस वर्षांची सवय होती. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन एकटीला सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि लेप लावला. कांब्या बांधल्या. संध्याकाळी गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवस उलटले, तेव्हा आता सांगून तरी काय उपयोग, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

श्रावण सरता सरता कांब्या सोडल्या. भीमाबाई उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि गुडघा दुमडून खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिने मालोजीकडे नुसतं पाहिलं. त्या रात्री त्याला अन्न गेलं नाही. सकाळी मोहोपाड्याला जाऊन तो कमळाकरला म्हणाला, "तिला तिथंच न्यायची. त्याच डॉक्टरकडं."

नेली, पण तिथेही त्याची धडगत नव्हती. डॉक्टरला दिवसाला शंभर गुडघे बघावे लागतात, आपला कुठे लक्षात असणार, या आशेवर तो धोतर खाली ओढून दाराशी बसून राहिला. डॉक्टरने भीमाबाईच्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" मग त्याची नजर दाराकडे गेली. "अरे, आजोबा! गुडघा पूर्ण वाकतो का? बघू."

डॉक्टरने येऊन स्वतःच मालोजीचं धोतर वर केलं. वाटीवरून गेलेला लांब व्रण दिसला. डॉक्टरने तो कौतुकाने दाबून पाहिला. "तार टोचते का? छान जुळलंय. मग या बाईंना लगेच का नाही आणलंत? पहिल्या पंधरा दिवसांत अशीच तार घातली असती. आता वरचा तुकडा लांब गेलाय, झिजलाय. तो काढून स्नायू उरलेल्या वाटीला शिवावा लागेल. चालतील त्या, पण चिखलात वाकून काम करणं आता विसरा."

भीमाबाई त्या व्रणाकडे बघत राहिली.

"कवा केलं ह्ये?"

"चैतात," मालोजी म्हणाला.

"आन मी आखाडात आली." एवढंच ती बोलली. तिने शिवी दिली असती तर मालोजीला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी ती घरी आली. पायाला वीट बांधून तो उचलायचा व्यायाम डॉक्टरने तिला दिला होता. मालोजी तिच्या दारात गेला आणि उंबऱ्यातच रडायला लागला. भीमाबाईने पाय उचलायचा थांबवला नाही. "माज्यापाशी कशाला रडता? मला समदं कळलं. ज्यांना कळलं नाय त्यांना सांगा. ऐतवारी. अंगनात."

त्या ऐतवारी भावाने तिला ओट्याच्या कडेला आणून बसवलं आणि तो कामाला गेला. मालोजी अंगणात मधोमध उभा राहिला, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कर्जतची पायरी, इस्पितळ, तार, खोट्या कांब्या. मग नातवाचा मोडलेला हात धरून बसलेली गंगाबाई भक्तिभावाने म्हणाली, "बुवांचं मन किती मोठं! डाक्टरानं कापलं, पर बरं केलं त्यांच्या हातानंच. दुसऱ्याला मोठेपना देतात." माणसांनी माना डोलावल्या. एकाने तर सुजलेला गुडघा पुढे केला. "मला बांधा बुवा, मला कापायचं नाय."

खरं सांगूनही मालोजी पुन्हा मोठाच होत होता. तीस वर्षांत त्याने लोकांना हेच शिकवलं होतं.

"ते खरं सांगतात," भीमाबाई ओट्यावरून म्हणाली. "मी आली तवा त्यांना ठावं व्हतं, बांधून ह्ये जुळत नाय म्हनून. तरी बांधलं. माजा पाय त्यात गेला." तिने पातळ वर सरकवून गुडघा दाखवला. वाटीच्या वरच्या अर्ध्या जागी खळगा होता.

गंगाबाईने नातवाला उचललं. सुजलेल्या गुडघ्याच्या माणसाला दोघांनी धरून इस्पितळात न्यायला रस्त्यावरच्या टेंपोकडे नेलं. एकेक करत सगळे उठले. जाताना राम राम घालायलाही कुणी मालोजीकडे वळलं नाही. घटकाभरात अंगणात फक्त दोघं राहिली.

भीमाबाईने ओट्याला रेटा देऊन उठून पाहिलं. जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. भाऊ दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हता.

मालोजी मान खाली घालून पुढे झाला आणि त्याने हात दिला. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत बसली. मग तिने तो धरला, कारण अंगणात दुसरं कोणी नव्हतं.