श्रावणातलं अंडं

"हंसाबाई, गंज उतरव म्हणतो ना!"

गावच्या अंगणवाडी समितीचे अध्यक्ष नानाजी दाराबाहेरूनच ओरडले. आत गॅसवरच्या पातेल्यात अंडी उकळत होती, म्हणून ते उंबरठा ओलांडत नव्हते.

"उतरवतो. शिजू तं द्या," हंसाबाई म्हणाली. ती इथली मदतनीस. गॅस तिने बारीकसुद्धा केला नाही.

"श्रावण सोमवार आहे. मंदिराले लागून अंडे शिजवून राह्यली! गणपती उठले का मंग घाल लागन तितके."

"तवरक पोरायनं काय वाट पाहाची?"

"खिचडी दे. आमी नाई वाढलो कायच्यावर?"

सेविका विमलताई मध्ये पडल्या. "नानाजी, वरून आदेश आहे. अभ्यास करून काढला."

अभ्यास झाला होता हे खरं. गेल्या वर्षी काही संशोधक फुलसावंगीच्या आसपासच्या गावांतून दर महिन्याला मुलांची वजनं घेत फिरले. श्रावणात बहुतेक गावांत अंडी बंद झाली आणि अंड्यांनी वाढलेली वजनं घसरली. पावसाळ्यात मुलं आजारी पडतातच. पण ज्या गावांत अंडी थांबली नव्हती, तिथली घसरण बरीच कमी होती. अंडी देण्याची योजना आखताना श्रावण कुणाच्या लक्षातच आला नव्हता. यंदा जिल्ह्यातून स्पष्ट लिहून आलं : कोणत्याही महिन्यात खंड नको.

"कागद यवतमाळचा, गाव आमचं," नानाजी म्हणाले. "संध्याकाळी समितीत ठराव घेतो. दुसरी मदतनीस मागतो."

विमलताईंचा आवाज उतरला. "हंसा, महिन्याचाच सवाल आहे. तुह्या घरी दुसरं कमावतं कोण आहे?"

हंसाबाईने गॅस बंद केला. फाटकाबाहेर लालीबाई तीन वर्षांच्या उर्वशीला कडेवर घेऊन थांबली होती. तिच्या घरी श्रावण पाळत नसत, पण ती नानाजींच्या वावरात कामाला होती. उर्वशीच्या दंडाची मापपट्टी तीव्र कुपोषणाच्या लालातून नुकती कुठे पिवळ्यात आली होती.

हंसाबाईने एक अंडं सोललं, मीठ लावून वाटीत कुस्करलं आणि नानाजींच्या समोरून बाहेर गेली.

"तू तं निर्जळी सोमवार करते ना?" नानाजी चरकले. "बाटला तुहा उपास!"

"बाटू द्या. महादेवाले मी सांगतो. या पोरीले तुमी सांगसान का, काहून उपाशी ठेवली ते?"

"ठराव होईनच!"

"घ्या ना. संध्याकाळी मी घरीच असन. आवाज द्या, येतो."

लालीबाईने नानाजींकडे पाहिलं. मग पोरगी हंसाबाईच्या हातात दिली.

हंसाबाई सगळ्यांना दिसेल अशी पायरीवर बसली. पहिला घास उर्वशीने थुंकला. दुसरा तोंडात धरून ठेवला. सकाळपासून पाण्याविना हंसाबाईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पोरीच्या हनुवटीवर बलकाचा एक कण सांडला, तो तिने पदराने पुसला नाही. बोटाने उचलून पुन्हा पोरीच्या तोंडात घातला.