हस्तांदोलनाची रांग

मर्ल स्टॉफर जिंकले की जास्तच चिडचिडे व्हायचे. त्या शनिवारी तर बास्केटबॉल कोच म्हणून त्यांचा सातशेवा विजय. कॅन्ससमधलं आमचं एवढंसं कॉलेज, अख्खं गाव जिममध्ये नाचतंय, आणि हे माझ्या कानाशी पुटपुटतायत, "लाइल, शेवटी शेवटी आपली पोरं झोपली होती का रे?"

"जिंकलो ना कोच! आज तरी हसा."

मी त्यांचा सहायक. अर्धं आयुष्य त्यांच्या शिव्या खाण्यात गेलं आणि त्याचा मला अभिमानच आहे.

सामना संपला की दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात. समोरच्या संघाचा कोच होता ट्रॅव्हिस गुडलो, एकेकाळी मर्लच्याच हाताखाली खेळलेला. त्यानं मर्लचा हात दोन्ही हातांत धरला. मी मागेच होतो.

"कोच, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या जागी मला घ्या, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे."

"कोणाच्या जागी?"

"तुमच्या. एप्रिलपासून. डॉनाबाई म्हणाल्या, तुम्ही निवृत्त होताय..." ट्रॅव्हिसचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत नाही?"

निवृत्त? हा माणूस परवाच एका पोराच्या आजीकडे चिलीचा खिमा-रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल चापून, त्या पोराला पुढच्या मोसमात आमच्या संघात यायला पटवून आला होता!

मर्ल ट्रॅव्हिसचा हात सोडून पुढच्या पोराकडे वळले. रांग अर्धवट सोडायची नाही, हा त्यांचाच नियम. प्रत्येक पोराचा हात हातात घेत, "छान खेळलास" म्हणत ते शेवटपर्यंत गेले. मग तडक मैदानाच्या मधोमध. तिथे क्रीडा विभागाच्या प्रमुख डॉना वीब सन्मानचिन्ह घेऊन उभ्या होत्या. मर्लनी त्यांच्या हातातला माइक घेतला.

"डॉनाबाई आज मला निरोप देतायत. फक्त मला सांगायचं विसरल्या."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"खरंच सांगतोय. तुमचा नवा कोच इथेच आहे. ये रे ट्रॅव्हिस, फोटोत ये!"

हशा जागच्या जागी विरला. डॉना पांढऱ्याफटक पडल्या. मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, चांगली जिरवली!

ट्रॅव्हिस हलला नाही. तो आमच्याकडे बघतच नव्हता. त्याची पोरं त्याच्याभोवती उभी होती, घामाघूम, नुकतीच हरलेली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यातल्या एका ताडमाड पोराचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आला.

"कोच, आम्हाला सोडून चाललात? मी तुमच्यासाठी या कॉलेजात आलो ना!"

ट्रॅव्हिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरानं तो झटकला आणि दाराकडे चालू लागला. बाकीचेही त्याच्यामागून निघाले.

मर्लना हरताना मी पुष्कळदा पाहिलंय. असा चेहरा कधीच पाहिला नव्हता.

"लाइल," ते म्हणाले, "मी हे काय करून बसलो रे?"