मंद्रूपच्या चौकातला सत्कार

आमच्या ह्यांना वाटतं, माणसाचा सत्कार केला की तो आयुष्यभर आपल्याला चिकटतो. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. कॉम्प्युटरवर कटिंगचे नमुने करणारी सिद्धेश्वरी एकटीच. ती सोडून गेली, तर शाळा उघडायच्या तोंडावर आमचं सगळं ठप्प.

एक दिवस ती म्हणाली, "अण्णा, काम कॉम्प्युटरवरच हाय की. आठवड्यातनं दोन दिवस मंद्रूपात, घरनंच करते. एसटीत लई जीव जातो."

"डोळ्यासमोर नाही ते काम कसलं?" हे गरजले.

पोरगी हिरमुसली. तेव्हा तिला खूश करायला, मला न विचारता, ह्यांनी मंद्रूपच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. तिचा फोटो, 'सोलापुरातील सर्वोत्कृष्ट गणवेश डिझायनर' आणि खाली अभिनंदनासाठी तिचाच मोबाइल नंबर! एवढी अक्कल कुठून आणतात देव जाणे.

फोन आले, पण दुसऱ्या कारखानदारांचे. एकाने पगार वाढवून देऊ केला, दुसऱ्याने त्याहून जास्त. ह्यांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. पण ती खरंच गेली तर? माझा फार जीव त्या पोरीवर.

"किती वाढवू, सांग," हे तिला म्हणाले.

"पगार नको, अण्णा. ती माणसं पैसे देतेत, पण रात्रीपत्तुर बसवतेत. मला माझे दोन दिवस द्या, मी कुटं जात न्हाय."

"द्या की!" मी मधेच ओरडले. ह्यांनी दिले, त्यातला एक बुधवार.

पहिल्याच बुधवारी हे खात्री करायला मंद्रूपला गेले आणि संध्याकाळी हसत परतले.

"काम दुपारीच संपवलं पोरीनं. मला कडक भाकरी खाऊ घातली. बाजेवर काय झोप लागली! आता दर बुधवारी मीही घरूनच काम करणार."

"मग कारखाना कोण उघडणार?"

"तू आहेस की!"

माझं डोकंच फिरलं. लग्न झाल्यापासून त्या कारखान्यात बटणं निवडतेय, बिलं करतेय, गिऱ्हाइकांची बोलणी खातेय. किल्ल्या त्यांच्यापुढे आपटल्या.

"मलाही फोन आलाय, दुसऱ्या कारखान्यातून."

कुणाचाही आला नव्हता. पण ह्यांचा चहाचा कप हातातच राहिला. पगार वाढवतो असं तर ते म्हणूच शकत नव्हते, कारण मला पगार कधी दिलाच नव्हता.

शेवटी हळूच म्हणाले, "गिरिजा, तुला कुठला वार पाहिजे?"