मोखा बंदराचं निरूपण

कॉफीच्या वखारीतली चव घ्यायची खोली म्हणजे थोरल्या बाईंचं देवघरच. तिथे नियम एकच: शेवटच्या माणसाचा शेवटचा चमचा होईपर्यंत कुणी तोंडातून अक्षर काढायचं नाही. आज तर बाईंच्या खुर्चीचाच निकाल होता. नाक दगा देऊ लागलं होतं, आणि त्यांच्यामागे टेबल सांभाळणार कोण, सूनबाई की जावईबापू? लेकीनं सकाळीच डोळ्यांत पाणी आणलं होतं. "आई, ह्यांचा मान ठेव गं."

प्रत्येकापुढे तीन-तीन कप मांडले. जुन्या दोघा चाखणाऱ्यांनी चमचे उचलले, आणि जावईबापूंनी घसा खाकरला.

"मंडळी, मोखा हे अरबांचं बंदर! मागच्या डोंगरातली कॉफी तिथून जहाजात चढायची. डच, फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांनी गावाचं नाव उचललं नि कॉफीला चिकटवलं. आता तर चॉकलेट घातलं की झाली मोका! का? मुळात त्या दाण्यालाच तसा वास. तिसऱ्या कपात बघा, मिळतोच!"

स्वतःच्या अंगणात दाणा पिकत नाही आणि नाव मात्र जगभर! बंदर कसलं, आमचे जावईच की, बाईंच्या मनात आलं.

सूनबाई पहिल्याच वाक्याला आपले कप ताटात घेऊन बाहेर गेल्या होत्या.

"बघा हा उद्धटपणा!" जावईबापू म्हणाले.

निरूपण आटोपलं तसे सगळ्यांनी सुर्रकन घोट ओढले.

"वा! तिसऱ्यात चॉकलेट!"

"अगदी! मागाहून येतं," दुसऱ्यानं डोळे मिटून मान डोलावली.

बाईंनी चमचा ओढला, आणि देवा रे, त्यांच्याही जिभेवर चॉकलेट उतरलं! तिन्ही कप त्यांनीच, एकाच किटलीतून भरले होते.

एवढ्यात सूनबाई दारात आल्या. "आई, तिन्ही एकच लागतायत मला. चुकतंय का माझं?"

"नाही गं बाई. आमचंच चुकलं."

"असं कसं?" जावईबापू उसळले. "मी केवढं वाचलंय यावर!"

"वाचलंत, बरं केलंत. आता गिऱ्हाइकांना ऐकवा. आमची जन्मभर सांभाळलेली जीभ तुम्ही दोन वाक्यांत नासवलीत, तिथे त्यांची काय कथा! उद्यापासून पुढच्या दुकानात बसा. तिथे बोलण्याचाच पगार मिळतो."

लेकीचं रडणं बाईंना आत्तापासूनच ऐकू येत होतं. तरी त्यांनी आपला चमचा पुसला आणि सूनबाईंच्या हातात दिला.

"आणि पहिलं काम, ते दार लावून घे."

दाराबाहेर गेलेले जावईबापू पुन्हा डचांपाशी पोचले होते.