रोट सरेपर्यंत

उन्हं ओट्यावर चढली तरी गाडी सोनगीरच्या घरासमोरच उभी होती आणि सारिकाचं डोकं तापायला लागलं होतं. आई भागाबाई आत डबा बांधत होती, वहिनी कोकिळा तो कसा बांधू नये ते सांगत होती, भाऊ नवल पुसलेली काच पुन्हा पुसत होता. आबा तेवढे चप्पल घालून ओट्यावर तयार बसले होते. पण आबांचं काय, ते लग्नाला जायचं असलं तरी असेच बसतात आणि कुणालाही 'चला' म्हणत नाहीत. चिंधा आबांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आडातून घागर काढण्यापेक्षा जास्त ताकद लागते, असं सगळं सोनगीर म्हणतं.

सहल सारिकाची होती. एका दिवसात धबधबा, जुनं गाव आणि वाइनची चव, असा तिचा नवा धंदा. पुढच्या रविवारी नाशिकची पहिली मंडळी यायची होती, त्याआधी एकदा घरच्यांना घेऊन सगळं फिरून बघावं, फोटो काढावेत, म्हणून तिनं आजचा घाट घातला होता. आता कुणी म्हणेल, श्रावणात वाइन? अहो, पण धबधबे श्रावणातच वाहतात, त्याला ती तरी काय करणार? घरच्यांसाठी नुसता द्राक्षाचा रस ठेवा, असं तिनं वायनरीच्या गिरधरभाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं. पारोळ्याच्या हॉटेलात सगळ्यांसाठी शेवभाजीची ताटं सांगून ठेवली होती. सगळा विचार केला होता बाईनं. फक्त रोटांचा केला नव्हता.

मागच्या रविवारी घरात कानबाई बसली होती. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरी येते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वाच्या मापानं गहू मोजायचे, दळायचे आणि त्याचे जाडजाड रोट करायचे. हे रोट खायचे ते फक्त कुळातल्या माणसांनी. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, गाईला घालायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. पुनवेच्या आत संपवायचे, आणि ते सरेपर्यंत घरच्यांनी बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. या घरात दरवर्षी बुधवारपर्यंत रोट संपतात. यंदा रविवार उजाडला, उद्या पुनव आली, तरी डबा भरलेलाच.

"औंदा काय व्हयनं कोनजाने," कोकिळा डबा गाडीत ठेवताना कुरकुरली. "खाई खाई जबडा दुखना, पन सरतस नहीत."

"म्हणजे हॉटेलात जेवणार नाही कुणी?" सारिकानं विचारलं.

"कसा जेवशूत? रोट शेतस ना," आई म्हणाली आणि सारिकाच्या हातात एक वेगळी पिशवी दिली. "ही तुनी. पोळी-भाजी शे."

सारिकानं पिशवी घेतली.

लग्न झालेल्या लेकीला माहेरचे रोट चालत नाहीत. तिचं कुळ बदलतं, तिनं सासरचे खायचे. सारिकानंही जळगावला, मेहरूणच्या सासरी, वर्षानुवर्षं ते खाल्ले. मग नवरा दुसरीकडे राहायला लागला, भांडणं कोर्टात गेली, आणि ती सोनगीरला परत आली. मागच्या श्रावणात निकाल लागायचा होता, तेव्हा तिला रोट दिले नाहीत, तिनंही मागितले नाहीत. या वैशाखात कागद हातात आला. सासरचं कुळ सुटलं. मग आता ती कुणाची? यंदा गहू मोजायला आबा बसले तेव्हा ती दारात मुद्दाम घुटमळली होती. आबांनी वर पाहिलं, काही बोलले नाहीत, पुन्हा माप भरायला लागले. आणि रोट झाले तेव्हा आईनं तिच्यापुढं पोळी ठेवली. मागून घ्यायचं नाही, असं सारिकानं मनाशी पक्कं केलं होतं. द्यायचं असेल तर आपण होऊन देतील. आठवडाभर ती वाट बघत होती. आज रोटांचा शेवटचा दिवस, आणि दिवसभर सगळे एकाच गाडीत. आज तरी कुणी डबा पुढं करील, असं तिला वाटत होतं. आशा करायला काय जातं.

लळिंगचा धबधबा ऐन भरात होता. सारिकानं मोबाइल काढला आणि सगळ्यांना पाण्याजवळ उभं राहायला सांगितलं. आई म्हणाली लुगडं भिजेल. नवल म्हणाला, दगडावर शेवाळ शे, पाय मोडना तर फवारणी कोन करी? कोकिळा उभी राहिली, पण प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. आबांनी पाण्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पानी वाया जाई ऱ्हायनं." सारिकाला वाटलं, आपणच जावं त्या धारेखाली, कपड्यांसकट, आणि मनसोक्त ओरडावं. पण फोटो कोण काढणार? ती काठावर कोरडी उभी राहिली आणि वाहतं पाणी मोबाइलात भरत राहिली.

पारोळ्यात तर तिचा जीव मेटाकुटीला आला. भर बाजारात किल्ला, भोवती खंदक, तट अजून उभा. तिनं पाठ केलेली माहिती सुरू केली. झाशीच्या राणीचं माहेर या गावचं, असं इथं सांगतात, एवढं बोलून ती 'माहेर' या शब्दावरच अडखळली आणि पुढचं विसरली. ऐकत तरी कोण होतं? सगळ्यांना रोट खायला आडोसा हवा होता. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर नको, कुत्रं जवळ यायला नको. तिकडे हॉटेलवाला फोनवर फोन करत होता, ताई, भाजी गरम आहे, कुठं पोचलात? ती त्याची माफी मागून थकली.

शेवटी तटाच्या आडोशाला चौघं बसले. सारिका जरा बाजूला, आपली पिशवी घेऊन. आईनं डबा उघडला. सारिकानं मान वर केली नाही, पण कान सगळे तिकडेच होते. आबांना दिला, नवलला दिला, कोकिळेला दिला, स्वतः घेतला. झाकण लागल्याचा आवाज आला. चौघं मुकाट्यानं चावत राहिले. आठवड्याचे रोट, चांगलेच कडक झालेले. जेवण झाल्यावर आईनं घरून आणलेलं पातेलं पुढं सरकवलं आणि सगळ्यांनी त्यात हात धुतले. रोटांचं उष्टं पाणी कुणाच्या पायी येऊ नये, घरी नेऊन खड्ड्यात ओतायचं असतं. सारिकानं बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि गवतात झटकलं. तिच्या पाण्याचं काय, कुणी तुडवलं तरी चालणार होतं.

"बाई, तू इतली गप काबर?" नवलनं गाडी काढताना विचारलं.

"काही नाही. ऊन लागलंय," ती म्हणाली. भर श्रावणात, आभाळ भरलेलं असताना.

वायनरी फागण्याच्या अलीकडे होती. चार एकर द्राक्षं, पत्र्याची मोठी शेड आणि पुढं पडवीत मांडलेलं लांब टेबल. गिरधरभाऊ हसतमुख माणूस. त्यांनी काचेचे पेले ओळीनं मांडले होते, शेंगदाणे भाजून ठेवले होते, घरच्यांसाठी रसाचा जग गार करून ठेवला होता. आबा गाडीतून उतरले ते सरळ वेल बघायला गेले. नवल त्यांच्यामागं.

"घ्या आक्का, रस आहे नुसता," गिरधरभाऊंनी आईपुढं पेला धरला.

"नको भाऊ. आमना रोट चालू शेतस, बाहेरनं चालत नही."

"मग शेंगदाणे तरी?"

"नको नको. तुम्ही राग धरू नका." आईला खरंच वाईट वाटत होतं. माणसानं एवढं मांडून ठेवलेलं, कुणीच हात लावायचा नाही म्हणजे काय. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सारिका दिसल्यावर तिचा चेहरा उजळला. "हाई सारिकाले द्या ना. तिले बठ्ठं चालस. ती रोटमा नही."

आई हे किती सहज म्हणाली. उरलेलं वरण कुणाच्या ताटात घालावं तितक्या सहज. आठवडाभर ज्या उत्तराची वाट पाहिली ते असं एका परक्या माणसासमोर, शेंगदाण्याच्या ताटलीवरून मिळालं. सारिकाचे कान तापले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण रागच आला.

"द्या भाऊ," ती म्हणाली. "मला बठ्ठं चालतं, सगळं चालतं. रस नको, वाइन द्या."

"सारिका, श्रावण शे," कोकिळा हळूच म्हणाली.

"ज्यांना आहे त्यांना आहे."

गिरधरभाऊंनी पेल्यात बोटभर पांढरी ओतली आणि सांगायला लागले, आधी वास घ्या, मग जिभेवर घोळवा. तिनं वासबीस काही घेतला नाही. औषध घ्यावं तशी गटकन घेतली आणि पेला पुढं केला. मग लाल घेतली. मग गोडसर एक होती, ती घेतली. आंबट होती की तुरट, तिला काही कळलं नाही. आई पदर तोंडाशी धरून बघत राहिली. तिला ओरडायचं होतं, पण परक्या माणसापुढं लेकीला कसं ओरडणार, म्हणून ती गप्प, आणि तिच्या गप्प राहण्यानं सारिकाचा राग आणखी वाढला. काहीतरी बोल ना, असं तिला किंचाळावंसं वाटत होतं. आयुष्यभर या घरात कुणी कुणाशी बोललंच नाही.

तेवढ्यात आबा आणि नवल वेलांतून परत आले. चिखलाचे पाय पायरीला घासत पडवीत बसले.

कोकिळेनं विषय बदलायचा म्हणून डबा काढला आणि नवलकडे हात केला. "आबा, अजून उरेल शेतस. सकाय पुनव शे. तुम्ही एक ल्या, त्या एक लेतीन, नाहीतर सरावात नहीत."

"माले काबर?" आबा म्हणाले. "मना वाटाना मी खाई टाका. हाई सारिकाना शेतस. तिले द्या."

कोकिळेनं काढलेला डबा टेबलावर ठेवला.

"तिना?" आईनं विचारलं. "तिना कोनी मोजात?"

"मीच मोजात. आपला चौघासना, आनि तिना." आबा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. यात न समजण्यासारखं काय आहे, हेच त्यांना समजत नव्हतं. "घरमा ऱ्हास ती. घरना मानूसनं माप टाकतस. तुम्ही तिले दिनात नहीत का?"

"तुम्ही माले सांगं का?" आईचा आवाज चढला. "आठ दिन झायात! आमी मरमर करी चावी ऱ्हायनूत, आनि तुम्ही देखत बसनात!"

"सांगाना काय शे त्यामा? गहू तुनाच समोर मोजात."

सारिका उभीच होती, हातात रिकामा पेला. दारात घुटमळली होती तेव्हा आबांनी वर पाहिलं होतं, आणि मग एक माप भरलं होतं. ते तिचं होतं. तिच्या नावचे रोट आठ दिवस त्या डब्यात पडून होते, त्यांच्यामुळे हॉटेलवाल्याची भाजी वाया गेली, गिरधरभाऊंचा रस तसाच राहिला, घरच्यांचे जबडे दुखले. आणि आज, शेवटच्या दिवशी, ते पुढं आले तेव्हा तिच्या तोंडाला वाइनचा वास. तिला हसावं की टेबल उलटं करावं ते कळेना.

"आबा," ती म्हणाली, "आत्ता सांगता? मी आत्ता पिऊन बसले. तीन पेले."

आबांनी टेबलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. रागावले नाहीत. मिशीवरून बोट फिरवून त्यांनी विचारलं.

"गिरधरभाऊ, पानी कठे शे?"

शेडच्या मागं टाक्या धुवायचा पाइप होता, मनगटाएवढा जाड. गिरधरभाऊंनी मोटार सुरू केली. आई 'असं चालस का, देवी काय म्हनी' असं पुटपुटत होती, पण पुटपुटत पुटपुटतच तिनं पाइप उचलला, लेकीला सिमेंटच्या कट्ट्यावर बसवलं आणि धार सरळ तिच्या डोक्यावर सोडली. सारिकाचा श्वासच अडकला. कपड्यांसकट ती भिजली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि त्या पाण्यात तिला जे रडायचं होतं ते ती रडून मोकळी झाली.

"चूळ भर," आई म्हणाली. "अजून एक. अजून. माले बी काय माहीत व्हतं, माय? तू तरी इचारतीस."

"तू तरी विचारायचं ना आबांना."

आईनं आपला पदर पिळून लेकीचं डोकं पुसलं.

पडवीत नवलनं खुर्ची पुढं केली. निथळत्या कपड्यांनी सारिका बसली. आबांनी स्वतः डबा उघडला आणि तिच्या ओल्या हातावर रोट ठेवला. तिनं तोडला, म्हणजे दोन्ही हातांनी मोडला. लाकडासारखा झाला होता. ती सावकाश चावत राहिली, आणि बाकीचे बघत बसले. कोकिळा म्हणाली, "आते समजी तुले आमना जबडानं." दुसरा रोट खाताना सारिकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि या वेळी ते नुसतं दाढेमुळं होतं.

शेवटचा तुकडा गेला. डबा रिकामा झाला. गिरधरभाऊंनी अंदाज घेत रसाचा जग पुन्हा टेबलावर आणला, आणि नवलनं घोटभर पिऊन बघितला आणि अजून मागितला. सारिका उठली आणि हात धुवायला सवयीनं शेडमागच्या पाइपाकडे निघाली.

"तठे नको," आई मागून म्हणाली. ती गाडीतून पातेलं घेऊन आली होती. तळाशी दुपारचं चौघांच्या हातांचं पाणी होतं. तिनं ते सारिकापुढं धरलं. "यामा धुव. घरना खड्डामा जावाले पाहिजे."